हिऱ्यांच्या वाटेवरचे सात दाणे

लोक कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफला जातात ते आकाशातला हिरवा उजेड, नॉर्दर्न लाइट्स, बघायला. आम्हाला तो दिसला नाही, चारही रात्री ढग होते. तेव्हा त्यासाठी कोणी हे पान उघडलं असेल तर माफ करा. मी लिहिणार आहे हिऱ्यांबद्दल, गोठलेल्या तळ्यावर गाडी चालवण्याबद्दल, खवले असलेल्या माशाबद्दल आणि माझ्या नणंदेबद्दल. आणि हे सगळं सुरू झालं होमिओपॅथीच्या एका रिकाम्या बाटलीपासून.

खरं तर ती रिकामी नव्हती. माझा नवरा सॅमसन जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या शरदात त्याचा दाढीच्या सामानाचा डबा आवरताना ती बोटभर काचेची बाटली हाताला लागली. आत साबुदाण्यासारख्या गोळ्यांऐवजी सात बारीक दाणे होते, मोहरीहून लहान, खसखशीहून जरा मोठे. उजेडात धरले तर त्यातले तीन अगदी कोकमाच्या आगळासारखे लाल-जांभळे दिसले. ते काय आहे हे मी लगेच ओळखलं आणि पलंगावर बसले.

आम्ही नव्वदच्या दशकात ठाण्याहून टोरांटोतल्या एटोबिकोला आलो. ठाण्यात सॅमसन रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होता. इथं प्रत्येक मुलाखतीत 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स' विचारत. शेवटी घराजवळच्या एका लॅबमध्ये त्याला नोकरी मिळाली ती वाळू निवडायची. तेव्हा उत्तरेत हिऱ्यांचा शोध जोरात होता. तिकडून वाळूच्या पिशव्या यायच्या, वर फक्त नंबर. हा मायक्रोस्कोपखाली बसून त्यातले रंगीत कण चिमट्यानं वेगळे काढायचा. नमुना कुठला, कोणाचा, सगळं गुपित. 'सँपलमधला एक कणसुद्धा बाहेर न्यायचा नाही, सही घेतलीय माझी,' हे त्यानंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग हे सात कण घरी कसे आले?

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. कॅथलिक मुली धर्माच्या तासाला जात, तेव्हा आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आणि हिंदू मुलींना मॉरल सायन्स असायचं. सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली तर परत करा. मालक सापडत नसेल तर निदान जिथून आली तिथे नेऊन ठेवा. ती लॅब केव्हाच बंद झाली आहे. राहिली ती उत्तरेची जमीन. सॅमसनला ती बघायची फार इच्छा होती. तीस वर्षं 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणत होता.

कोणाला न सांगता जाऊन यावं असा बेत होता. पण फ्लोरावन्सं, म्हणजे सॅमसनच्या थोरल्या बहिणीनं, मार्कहॅमहून फोनवर तो दोन मिनिटांत काढून घेतला.

"हिऱ्यांच्या गावाला चाललीस आणि एकटी? मी येते. तुला हिऱ्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला कळतं का वन्सं?"

"मला किंमत कळते."

बाटलीबद्दल मात्र मी बोलले नाही. बहिणीला भावाबद्दल हे कसं सांगायचं? ती तेवढी बाटली मी आर्निकाच्या आणि नक्स व्होमिकाच्या बाटल्यांबरोबर पर्समध्ये टाकली.

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी निघालो. टोरांटोहून थेट विमान मिळालं नाही. एडमंटनला बदलावं लागतं. महिनाभर आधी बुक केलंत तरी तिकीट भारताच्या तिकिटापेक्षा थोडंच स्वस्त पडतं, तेवढी मनाची तयारी ठेवा. दुसऱ्या विमानात आमच्या शेजारी खाणीवर काम करणारा एक धिप्पाड गृहस्थ होता. त्यानं सांगितलं, दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी. खाण यलोनाइफपासूनही पुढे, विमानानंच जायची. फक्त हिवाळ्यात थोडे आठवडे तळी गोठली की त्यांच्यावरून ट्रकांचा रस्ता होतो, वर्षाचं डिझेल आणि सिमेंट तेवढ्यात पोचवायचं.

"आणि सुट्टी कधी?" वन्संनी विचारलं.

"खाण थांबत नाही, मॅम. ख्रिसमसलाही नाही."

"आमचे पणजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी बैल सोडून ठेवायचे. लोक शनवार तेलीच म्हणायचे आम्हाला."

तो गृहस्थ थोडा विचार करून म्हणाला, "तुमच्या बैलांची युनियन चांगली होती."

वन्संना तो तिथून पुढे एकदम आवडला.

उतरलो तेव्हा उणे सत्तावीस होतं. टोरांटोचा जाड कोट इथं पातळ वाटतो. तिथलेच कोट आणि बूट भाड्यानं मिळतात, ते घ्या. आमचे निळे होते. आरशात बघून वन्सं म्हणाल्या, "दोन गॅस सिलिंडर." गाडीही भाड्यानं घेतली. रात्रभर तिच्या नाकातली वायर भिंतीच्या प्लगमध्ये खोचून ठेवायची, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही.

संध्याकाळी जुन्या गावातल्या एका लाकडी खानावळीत मासे खायला गेलो. तळ्यातले ताजे मासे, तव्यावर परतलेले. आम्ही खवले आणि पर असलेलाच मासा खातो. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात बाकी सगळं विसरलो, पण हे विसरलो नाही. वन्संनी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "ह्याला खवले असतात का?" तिला वाटलं, ताटात खवले नकोत म्हणून विचारतायत. तिनं शपथेवर सांगितलं की एकही नाही. वन्संनी मेन्यू मिटला. शेवटी आचारी स्वतः एक अख्खा व्हाइटफिश शेपटीला धरून टेबलाशी घेऊन आला आणि नखानं खवला काढून वन्संच्या तळहातावर ठेवला. शेजारच्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या. मासा आपल्या बोयटाच्या जवळपास, पण जास्त मऊ. दोघींचं बिल एटोबिकोच्या मानानं दुप्पट आलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच गेलो.

गुरुवारी सकाळी मी म्हटलं, आपण तळ्यावरून पलीकडच्या डेटा नावाच्या वस्तीपर्यंत जाऊ. हिवाळ्यात हा बर्फाचा सरळ रस्ता होतो, काही मिनिटांचा. उन्हाळ्यात त्याच वस्तीला वळसा घालून जावं लागतं. बर्फ काळा आणि पारदर्शक, आत पांढऱ्या भेगा खोलवर गेलेल्या दिसतात. मध्येच खालून 'धुम्म' असा आवाज येतो. बर्फ बसतोय, घाबरायचं नाही, असं हॉटेलातल्या मुलीनं सांगितलं होतं. मी घाबरले. वन्संनी शमा ही आमची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या ओळीनंतर मध्येच म्हणाल्या, "जरा हळू चालव की."

माझा हिशेब असा होता की पलीकडच्या काठावर उतरायचं, फोटोचं निमित्त करून दोन पावलं पुढे जायचं आणि बाटली बर्फात मोकळी करायची. उतरलेही. पण हातमोजा काढून बघते तर पर्स गाडीत. मागे वळले, तर वन्संनी डोकं दुखतंय म्हणून माझी पर्स उघडली होती आणि सात दाणे तळहातावर घेऊन चष्म्यातून बघत होत्या.

"लिली, हे कसलं औषध घेतेस तू? आणि हे काळं काय?"

"वन्सं, तोंडात टाकू नका."

मग सगळं सांगावं लागलं. गाडीचा हीटर चालू होता, काचा धुरकट झाल्या होत्या. मी सांगितलं की हे लॅबमधले आहेत, सॅमसननं आणले असणार, मी ते इथं ठेवून जायला आलेय.

"सॅमूनं?" वन्सं म्हणाल्या. "कंडक्टर गर्दीत तिकीट द्यायचा राहिला म्हणून डेपोत जाऊन पैसे भरून आलेला माझा भाऊ आहे तो. आई मारायला निघाली होती त्याला, जेवायला उशीर केला म्हणून."

"मला माहीत आहे. म्हणून तर..."

"म्हणून काय? तू हे इथं टाकून मोकळी होणार. आणि तो? तो कायमचा तसाच राहणार?"

त्यांनी दाणे एकेक करून बाटलीत भरले, मोजले आणि बूच घट्ट लावलं. "ज्यांना ह्यातलं कळतं त्यांना आधी विचारू. मग टाकायचं की नाही ते बघू." येताना बर्फाचा आवाज दोघींनीही ऐकला नाही.

खाण पर्यटकांना बघता येत नाही. पण गावात हिऱ्यांचं एक छोटं प्रदर्शन आहे, फुकट, आणि आत छान ऊब असते. शुक्रवारी सकाळी तिथं गेलो. भिंतीवर खाणीचा विमानातून काढलेला फोटो आहे: पांढऱ्या माळावर गोल, पायऱ्यापायऱ्यांची विहीर, भोवती गोठलेलं तळं. तिथं मार्लीन भेटली. आमच्याच वयाची, पांढरी वेणी, गळ्यात चष्मा. तिनं हिरे कसे येतात ते सांगितलं, ते माझ्या शब्दांत देते.

हिरे तयार झाले ते जमिनीखाली कित्येक कोस, फार म्हणजे फार पूर्वी. मग कधीतरी वितळलेला खडक गाजराच्या आकाराच्या नळीतून वर उसळला आणि त्यांना घेऊन आला. तो खडक मऊ. पुढे हिमयुगातल्या बर्फानं तो खरवडला, खड्डा पडला, खड्ड्यात तळं झालं. म्हणून हिरे असतात तळ्याखाली. खरवडलेली वाळू बर्फानं पश्चिमेकडे लांबवर ओढत नेली. तिच्यात हिरा सापडणं कठीण, पण त्याचे सोबती, लाल-जांभळे गार्नेट आणि हिरवे कण, पुष्कळ असतात. शोधणारे लोक वर्षानुवर्षं वाळू गोळा करत, कण मोजत, उलट्या दिशेनं चालत गेले. जिथे कण संपले तिथे तळं होतं.

"आणि कण मोजायचं कोण?" वन्संनी विचारलं. प्रश्न मला नव्हता, पण त्या बघत माझ्याकडे होत्या.

"आमच्यासारखे," मार्लीन म्हणाली. "मी अकरा वर्षं पिकर होते, कण वेचणारी. मान अजून दुखते."

मी बाटली टेबलावर ठेवली. माझा नवरा टोरांटोत हेच काम करायचा, एवढंच सांगितलं. तिनं चष्मा लावला. दाणे पांढऱ्या बशीत ओतले आणि सुईच्या टोकानं वेगळे केले. तीन कोकमी. दोन हिरव्या बांगडीच्या काचेसारखे. एक नारिंगी. एक काळा, चकचकीत.

"ओह, त्यानं जपून ठेवलाय," ती म्हणाली.

"काय?"

"त्याचा शिकायचा संच. पहिल्या दिवशी देतात. प्रत्येक जातीचे एकदोन कण, शेजारी ठेवून डोळा तयार करायचा. माझा तर मूव्ह करताना हरवला."

"सँपलमधले नसतील कशावरून?" मी विचारलं.

"सँपलमध्ये असे सगळ्या जातींचे, सगळे एका मापाचे आणि इतके स्वच्छ कधी मिळतात? हे निवडून, धुऊन दिलेले आहेत. आणि चोरायचे तर हे कोण चोरेल, हनी? ह्यांची किंमत काही नाही. तो पहिल्यांदा टेस्टला नापास झाला असेल. आम्ही सगळेच होतो. मग बाटली घरी न्यायची, जेवणाच्या टेबलावर सराव करायचा."

तेव्हा मला आमचं पहिलं, बेसमेंटमधलं घर आठवलं. त्या हिवाळ्यात सॅमसन रोज कामावरून आला की ताट घेऊन बसायचा आणि तांदूळ निवडायचा. इथल्या तांदळात खडे नसतात, मी म्हणायची. असू दे, बघतो, म्हणायचा. डावीकडून उजवीकडे, रांगेनं, काडेपेटीच्या काडीनं. मी ठाण्याला पत्रात लिहिलं होतं की परदेशात येऊन हा घरकामात मदत करायला लागला. सासूबाईंनी ते पत्र शेजाऱ्यांना वाचून दाखवलं होतं. नापास झाल्याचं त्यानं मला सांगितलं नाही. एम.एस्सी. झालेल्या माणसानं वाळू निवडण्यात नापास व्हायचं, हे त्याला सांगवलं नसेल.

वन्संनी पर्समधून रुमाल काढून आधी माझ्याकडे सरकवला, मग परत घेऊन स्वतःच नाक पुसलं. मार्लीनला म्हणाल्या, "मी बोलले होते हिला."

त्या संध्याकाळी हॉटेलात शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लावले ते बॅटरीचे, खरी मेणबत्ती लावली तर धुराचा अलार्म वाजतो. शनिवारी गाडी जागेवरच ठेवली आणि खिडकीतून गलेलठ्ठ कावळे बघत बसलो. वन्संनी बाजारपेठेतल्या एका दुकानात सूक्ष्म अस्वल कोरलेला हिरा आधीच बघून ठेवला होता. त्यांनी तो घेतला नाही. "अस्वल दिसायला भिंग लागतं. मग लोकांना दाखवायचं काय, भिंग?"

रविवारी निघण्यापूर्वी रस्त्याकडेच्या बर्फातून मी एक राखाडी खडा उकरून घेतला. आमच्यात कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात. टोरांटोला आल्यावर सॅमसनच्या कबरीवर तो ठेवला. वन्सं म्हणाल्या, "हिऱ्यांच्या गावाहून हे आणलंस?" आणि तो जरा सरळ केला.

बाटली मी कुठंही टाकली नाही. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे. कोणी विचारलं की यलोनाइफ महाग पडलं का, तर हो, पडलं. उन्हाळ्यात जावं की हिवाळ्यात, तर हिवाळ्यात, तळ्यावरून जाता येतं. आणि आकाशातला उजेड दिसला नाही ह्याची खंत मला वाटत नाही.

गेल्या रविवारी वन्सं जेवायला आल्या. हात धुतले आणि म्हणाल्या, "लिली, ताट दे." मी ताटात दोन वाट्या तांदूळ घातले, वर बाटली ओतली आणि हलवलं. दोघी चष्मे लावून समोरासमोर बसलो, डावीकडून उजवीकडे, रांगेनं. हिरवे दोन लगेच सापडले. काळा मला मिळाला, नारिंगी त्यांना. मग कोकमी दोन. शेवटच्या कोकमी दाण्याला बराच वेळ लागला. तो त्यांच्या बोटाशी, एका तुटक्या तांदळाखाली होता. मला तो आधीच दिसला होता. मी माझ्या बाजूचे तांदूळ उगाच सरकवत राहिले, त्यांना तो सापडेपर्यंत.