दोनदा घालवलेली शुगर

प्रमिलाताई कुणाच्याही घरी गेल्या की टेकण्याआधीच सांगून टाकतात, "मले पाणी दे. चाय तुह्या नवऱ्याले पाज." आमच्या बोरगाव मेघेत पाहुण्याला चहा न देता पाठवणं म्हणजे त्याचा अपमान, आणि चहा म्हणजे निम्मी साखर. सुरुवातीला बायका रुसल्या. आता प्रमिलाताई दारात दिसल्या की आधी पाण्याचा लोटाच पुढे येतो.

त्या एसटीत कंडक्टर, हिंगणघाटच्या फेरीवर. मी शिलाईचं दुकान चालवते. त्यांचे खाकी कोट माझ्याकडेच असतात, त्यामुळे त्यांचा घेर मला डॉक्टरांच्या आधी कळायचा. एके काळी दरवर्षी कोट उसवून वाढवावा लागे. भरल्या गाडीत त्या सीटांमधून निघाल्या की लोक आत सरकायचे. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हासू नोको बे, मी हाये म्हणून गाडी उलटत नाई."

मग त्यांना शुगर निघाली. त्यांचे थोरले भाऊ दिवाकरदादा बरीच वर्षं याच दुखण्यात होते. आधी त्यांचा अंगठा कापला, मग पाऊल. प्रमिलाताईंची नोकरी सगळी उभ्यानं. दवाखान्यातून त्या थेट माझ्या दुकानात आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजार नवा आहे, वजन बरंच उतरवलं तर शुगर गोळ्यांशिवायही ताब्यात राहू शकेल, पण सगळं ते सांगतील तसं आणि तपासणी न चुकवता.

"पायच गेला तर मी कायची कंडक्टर?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला. अर्धी भाकरी, भाजी भरपूर, मोडाची मटकी, उकडलेलं अंडं. पहाटे फिरणं. हिंगणघाटच्या स्टँडवर ड्रायव्हर आलूबोंडे खात असे आणि या शेजारी बसून काकडी.

"काय ताई, बकरीवानी चावून राह्यल्या?"

"बकरीले शुगर झालेली पाह्यली काय कधी?"

कोट सैल पडत गेला, मी आत घेत गेले. आम्ही शिवणारे अशा वेळी शिलाईच्या आत जास्तीचं कापड राखतो, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून. प्रमिलाताईंनी कोट उलटा केला आणि ते कापड बोटात धरलं. "हे काप."

"राहू द्या हो. उद्या वाढलात तर?"

"म्हणूनच म्हणते, काप. जागा ठेवली का मानूस भरते."

मी कात्री चालवली. तीस वर्षांत असं काम कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. त्यांच्या वहिनींनी आनंदानं काय करावं? गल्लीभर पेढे वाटले. शुगर गेली म्हणून पेढे! यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. प्रमिलाताईंनी एक तोंडात टाकला. मग घरोघरी आग्रह सुरू झाला, आता बरी झालीस, आता कसली नाटकं? त्यातच दिवाकरदादा गेले. भेटायला येणाऱ्यांबरोबर चहा, कुणी आणलेला डबा, उरलेला भात. त्या काय खातात ते त्यांनाच कळत नव्हतं. डॉक्टरांकडे जाणंही राहून गेलं.

काही महिन्यांनी त्या दुकानात आल्या. कोटाची बटणं लागत नव्हती आणि वाढवायला आत कापड नव्हतं. "बाई, मले वाटलं गेली. थे गेलतीच नाई. परत निंगाली."

मी टेप काढला. म्हटलं, नवा शिवून देते.

"नवा नोको."

तसाच उघडा कोट घालून त्या ड्युटीवर गेल्या.

उतरलेलं वजन परत चढलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या नवं माप देतात आणि तो विषय पुन्हा काढत नाहीत. पहिल्यांदा भीती असते, लोकांचं कौतुक असतं. दुसऱ्यांदा नुसती चेष्टा. बसमध्ये ओळखीचे विचारायचे, "काय ताई, आली ना परत?" त्या तिकीट फाडत म्हणायच्या, "आली. पाठवून राह्यली मी तिले. तुमी सुटे पैसे काढा."

परत अर्धी भाकरी, परत पहाटेचं फिरणं. या खेपेला वजन हट्टानं हललंच नाही कितीतरी दिवस. त्या चिडल्या नाहीत की रडल्या नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन जेवण बदलून घेऊन आल्या. मी मशीनवर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई काय धातूची आहे! एका सकाळी कोटाचं शेवटचं बटण लागलं. रस्त्यावरून जाताना त्यांनी तो मला नुसता दाखवला.

पाठोपाठ शुगरही ताब्यात आली. त्याला आता कित्येक वर्षं झाली. गोळ्या नाहीत, तपासणी मात्र एकही चुकत नाही. परवा त्या ताजा रिपोर्ट घेऊन दुकानाशी थांबल्या. सगळं ठीक होतं. मी विचारलं, "मग, आता कायमची गेली म्हणायची?"

"नाई वं. ओट्यावर बसून हाये. मी दार उघडत नाई, एवढंच."

तेवढ्यात फाट्यावर त्यांना ड्युटीवर नेणारी बस दिसली. रिपोर्ट काखेत मारून, पन्नाशी उलटलेली ती बाई भर उन्हात धावत सुटली आणि चालू लागलेल्या गाडीला थोपवून वर चढली.