गाण्याआधीचं बोलणं

माझ्या खोलीत रेडिओ आला तो हिंदी गाण्यांसाठी. त्यावर मी इंग्रजी रेकॉर्डींचा कार्यक्रम ऐकायला लागलो, पण गाण्यांसाठी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

मी फहाहीलला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात हिशेब बघत असे. कुवेतला आलो तेव्हा इथे रुपये चालायचे. पुढे दिनार आले आणि सगळी खाती नव्याने मांडावी लागली. त्या कामात माझा वेळ बरा गेला. बायको आणि दोन मुलं चिपळूणला होती. त्यांना इथे आणून मुलांच्या शाळेचं आणि गावच्या घराचं गणित बसत नव्हतं, म्हणून मी एकटा राहत होतो. ऑफिसात दिवसभर बोलणं व्हायचं ते सिमेंट, डिझेल आणि मजुरांच्या हजेरीबद्दल. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे तेही नाही. सकाळी बाजार, मग कपडे धुणं, मग स्वयंपाक. जेवून भांडी घासली की पुढची सगळी दुपार उरायची. खिडकी उघडली तर धूळ आत येई, बंद ठेवली तर उकडे. मी ती अर्धी उघडी ठेवत असे.

अशाच एका शुक्रवारी, चारच्या सुमाराला, रेडिओचा काटा फिरवताना तो आवाज लागला. इंग्रजी स्वच्छ होतं, पण साहेबाचं नव्हतं. निवेदक एकेका रेकॉर्डीचं नाव सांगे, लावे, पुढच्या रेकॉर्डीकडे वळे. शेवटच्या रेकॉर्डीशी आला की मात्र त्याचं बोलणं बदलायचं. ती नेहमी एकाच गायकाची असायची. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, कापसाच्या मुलखातला एक काळा गायक. निवेदक सांगायचा की हा माणूस लहानपणी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गायला शिकला. त्याचं घर रस्त्यापासून आत होतं. या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी तो श्वास घेतो, तो ऐका, कारण तिथे तो रडणं गिळतो आहे. असं बोलताना त्याला घाई नसायची. समोर बसलेल्या एका माणसाला सांगावं तसं सांगायचा. मी खाटेवर बसून ऐकायचो. मग गाणं सुरू व्हायचं, आणि ते मला कर्कश वाटायचं. मी श्वासाची जागा ऐकायचो खरी, पण बाकीचं ओरडणंच वाटे.

हे कितीतरी महिने चाललं. मग मासळी बाजारात तो मला भेटला.

मी पापलेट बघत उभा होतो. इथे त्याला झुबैदी म्हणतात. शेजारी एक किरकोळ अंगाचा, चष्मा लावलेला माणूस आपल्या सोबत्याला म्हणाला, "ह्यो नको घेव. डोळे बघ त्याचे, कालचा हाय." आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमानांची ती कोकणी. पण मी थबकलो ते भाषेमुळे नाही. आवाज ओळखीचा होता.

"शुक्रवारी चारला रेडिओवर तुम्हीच बोलता ना?" मी विचारलं.

त्याने मासा खाली ठेवला. "तुमी ऐकता?"

"दर शुक्रवारी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

सोबत्याला त्याने बाजारातच सोडलं आणि मला चहाला नेलं. तो दाभोळच्या खाडीकाठचा निघाला. मामा बोटीवर होता, त्याने मुंबईला इंग्रजी शाळेत घातलं होतं. इथे तो तेलाच्या जहाजांना भाजी-मटण पुरवणाऱ्या दुकानात कारकून होता. रेडिओचं काम फक्त शुक्रवारचं. गायकाची पहिली रेकॉर्ड त्याला एका जहाजावरच्या आचाऱ्याने दिली होती. कांद्याच्या गोणी मोजून घेताना आचाऱ्याच्या खोलीतून गाणं ऐकू येत होतं. "मोजणी चुकली माझी," तो म्हणाला. "दोनदा मोजल्या, दोनदा चुकली." तेव्हापासून अमेरिकेकडून येणाऱ्या प्रत्येक जहाजावर तो त्या गायकाची चौकशी करत आला होता. जवळच्या रेकॉर्डींवर चरे पडले होते, तरी तो त्याच लावायचा.

त्यानंतर शुक्रवारी सकाळी आम्ही बाजारात भेटू लागलो. तो मला 'मुनीमजी' म्हणे आणि मी भाव करताना लाजतो म्हणून माझी टिंगल करी. मी त्याला मासे निवडू देत असे. त्या दोन-तीन तासांवर माझा आठवडा निघायचा, हे मला तेव्हा कळत होतं.

आणि मग एकदा त्याने विचारलं. चहाचा पेला हातात होता, नजर रस्त्याकडे होती. "मुनीमजी, खरं सांगा. त्याचं गाणं आवडतं तुमाना?"

मी विचार केला. हो म्हणणं सोपं होतं. पण मग तो कुठलं गाणं जास्त आवडतं ते विचारणार, आणि मला सांगता येणार नाही. शिवाय माझ्या तोंडून न पटलेली गोष्ट सहसा निघत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला ते ओरडणं वाटतं."

तो हसला. चहा संपवला. "बरं झालं सांगितलात," म्हणाला, आणि आम्ही उठलो.

त्या दुपारी चारला मी रेडिओ लावला. शेवटच्या रेकॉर्डीच्या वेळी त्याने विलायतेतल्या एका लोकप्रिय वाद्यवृंदाचं नाव सांगितलं, आणि त्यांची रेकॉर्ड लावली. त्यापुढच्या शुक्रवारी तेच. बाजारातही तो दिसेना. रेडिओवर नुसतं नाव, रेकॉर्ड, नाव, रेकॉर्ड. इंग्रजी तेच, आवाज तोच, पण तो आता कुणालाही उद्देशून बोलत नव्हता. आकाशवाणीवर बाजारभाव सांगतात तसं ते ऐकू यायचं. मी रेडिओ पूर्ण अर्धा तास चालू ठेवायचो आणि अर्ध्या तासानंतर खोली होती त्याहून रिकामी वाटायची.

तिसऱ्या शुक्रवारी मी चारच्या आधी त्याच्या खोलीवर गेलो. तो शहरात, रेडिओच्या इमारतीत असणार, हे मला माहीत होतं. परत येईपर्यंत थांबायचं ठरवून गेलो होतो. खोलीत त्याच्याच गावचे पाच-सहा जण होते. कुणी कांदा चिरत होता, कुणी पत्ते खेळत होता. मला चटईवर बसवलं. चार वाजता एकाने रेडिओ लावला.

"गुड आफ्टरनून," आमचा माणूस म्हणाला.

"आला, आला! आपला लाटसाहेब आला!" सगळे ओरडले. कांदा चिरणाऱ्याने सुरीनेच सलाम केला. पहिलं वाक्य सगळ्यांनी मान डोलवत ऐकलं. वाक्य संपलं आणि ज्याने रेडिओ लावला होता त्यानेच काटा फिरवून हिंदी गाणी लावली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपला माणूस वेळेवर हजर झाला, आवाज खणखणीत आहे, एवढं कळलं की झालं. दर शुक्रवारी हे असंच होत असणार.

"आपण ऐकूया ना पुढचं," मी म्हणालो.

"तुमी मेहमान, तुमी म्हणाल तसं," एकजण म्हणाला. "पण इंग्रजी गाणी हायत हो. डोकं उठेल तुमचं." काटा हिंदी गाण्यांवरच राहिला.

दिवेलागणीला तो आला. दारातच त्याला सगळ्यांनी घेरलं. "झकास झाला आज!" "काय आवाज लागला होता!" तो म्हणाला, "ऐकलात?" "ऐकला तर!" मी चटईवरून उठलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, चपला न काढता मागे वळला आणि आम्ही समुद्राच्या बाजूला चालू लागलो.

"पहिलं वाक्य ऐकतात," तो म्हणाला. "माहीत हाय मना. त्यांच्यावर राग नाय. पण तुमी शेवटपर्यंत ऐकता म्हणालात तेव्हा मना वाटलं, एक तरी हाय."

"मी आहेच."

"तुमाना गाणं आवडत नाय."

"गाणं आवडत नाही. त्याच्या आधी तुम्ही जे बोलता ते आवडतं. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डीआधी तुम्ही तसं बोलत नाही. तुम्ही त्याला काढलंत, ते बोलणंही गेलं. माझ्या शुक्रवारात दुसरं काही नाही."

त्याने चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाला, "म्हणजे तुमाना माझी बडबड पायजे, गाणं सोसायचं."

"होय."

"आणि मना गाणं पायजे, म्हणून बडबड करतो. काय पण ग्राहक गावलाय मना!" आणि तो खरोखर हसला.

पुढच्या शुक्रवारी त्याने गायकाला परत आणलं. मी सोसत ऐकत राहिलो. पुढे पुढे काही जागा कानाला ओळखीच्या झाल्या. याहून जास्त मी म्हणणार नाही.

वर्ष-दीड वर्षाने त्याचं रेडिओचं काम गेलं. रेडिओवाल्यांनी इंग्रजीसाठी एक साहेब नेमला. गायकाच्या रेकॉर्डी आमच्या माणसाच्याच होत्या, त्या त्याने घरी आणल्या. पण त्या वाजवायचं यंत्र रेडिओच्या इमारतीत होतं आणि खोलीवाल्यांना नवं यंत्र आणण्याचं कारण दिसत नव्हतं. काम गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तो बाजारातून थेट माझ्याबरोबर खोलीवर आला. आम्ही जेवलो. चार वाजले तसा मी सवयीने रेडिओ लावला. साहेबाचा आवाज आला. तो छान बोलत होता. माझ्या माणसाने हात लांब करून रेडिओ बंद केला.

मला वाटलं, आता हा उठून जाईल. तो खाटेच्या कडेला सरळ बसला, घसा साफ केला आणि बोलू लागला. या वेळी कोकणीत. हा गाणारा अनेक वर्षं घरापासून लांब होता. कामाच्या गावी त्याने एक खोली घेतली होती, त्या खोलीत बसून त्याने हे गाणं केलं. बायकोला विचारतोय, आज माझ्या जागेवर कोण बसलंय. तक्रार नाय, नुसतं विचारतोय. शेवटी तो शब्द सोडून देतो आणि नुसता आवाज लावतो, तेव्हा ओरडतोय असं वाटेल तुमाना. वाटू दे.

मग तो थांबला. गाणं जेवढा वेळ चाललं असतं तेवढा वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. मी जमिनीकडे बघत होतो. खाली रस्त्यावरून मालाचा ट्रक गेला आणि खिडकीचं तावदान थरथरलं. त्याने मान किंचित हलवली, बहुधा श्वासाच्या जागेला.

"संपलं," तो म्हणाला.

"आता दुसरं सांगा," मी म्हणालो.