दाजी आणि पितळी बांगडी

उभ्या खानदेशात खेकड्यावर आमच्या दाजींइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि खेकड्यावाचून त्यांच्याइतकं उपाशीही कुणी राहिलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पांझरेकाठच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर. काळ्या मसाल्यातला खेकड्याचा रस्सा आणि कळण्याची भाकरी समोर आली की हा माणूस जगाला विसरायचा. नांगी फोडताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा जेवताना मी त्यांना माझ्या बढतीची बातमी सांगितली, तर म्हणाले, "आधी हा पाय संपू दे."

गावातल्या भोई मंडळींची मच्छीमार सोसायटी होती. पावसाळ्याचे चार महिने खेकडे धरायचे आणि धुळ्याच्या बाजारात विकायचे, हा त्यांचा धंदा. पण टोपल्या वर्षागणिक हलक्या होत चालल्या, तेव्हा काही नियम करायचे ठरलं, आणि अक्षर चांगलं म्हणून ते लिहायला दाजींना बोलावलं. झालं! पूजेला बोलावलेला भटजी घरातच मुक्कामाला राहावा तसं झालं. दाजींनी तीन नियम लिहिले. बांगडीतून आरपार जाईल तो खेकडा लहान, तो सोडायचा. पोटाखालच्या झडपेत पिलं धरलेली मादी सोडायची. आणि श्रावणभर नदीत हात घालायचा नाही. श्रावणात निम्मी गिऱ्हाइकं तशीही खात नाहीत, मग माद्यांना तेवढीच उसंत, असा त्यांचा हिशोब. मापाची बांगडी ताईच्या हातातली, पितळेची. ती कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, आणि शाळेत खडू काढताना आधी तीच बाहेर यायची.

एकदा ते धुळ्याला आमच्याकडे आले. बायकोने हौसेने बाजारातून खेकडे आणून रस्सा केला. दाजी थेट स्वयंपाकघरात शिरले, पातेल्यावरचं झाकण काढलं, पळीने एक खेकडा उचलला आणि त्याला बांगडी लावली. खेकडा आरामात आरपार! दाजींनी हात धुतले आणि ठेचा-भाकरी मागितली. बायको अशी भडकली म्हणता! "शिजलेला खेकडा आता कुठे नेऊन सोडू, दाजी?" तेव्हा म्हणाले, "वहिनी, आपण खाल्ला की उद्या बाजारवाला आणखी दहा आणतो." बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू मीच बांगडी लावली होती!

पण खरी कसोटी लागली ती अधिक श्रावणाच्या साली. नियमात नुसतं 'श्रावण' लिहिलेलं. अधिक की निज, हे मास्तर असून लिहायचं राहिलं. अधिक महिना लोकांनी कसाबसा काढला आणि तो संपताच टोपल्या घेऊन नदीवर आले. पाहतात तर दाजी काठावर उभे. म्हणे निज श्रावण लागला, बंदी चालू! मी तेव्हा ताईला भेटायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. भोईवाड्यातली एक अक्का, साऱ्या बाया तिच्या शब्दात, कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"गुरुजी, श्रावण दोन उनात, पन पोट ते एकच शे ना!"

दाजी म्हणाले, "चूक मनीच शे, अक्का." मग पाण्यात उतरले, दगडाखालून एक मादी काढली आणि तिच्यापुढे उताणी धरली. झडपेखाली मोहरीएवढी पिलं वळवळत होती. "हिले बी पोट शे. आनि त्या पोटखाले आख्खं गाव शे."

अक्काने वाकून पिलं पाहिली. मग म्हणाली, "तुमनं काय जास? तुमना पगार ते चालूच शे."

हे मात्र त्यांना झोंबलं. भर काठावर म्हणाले, "टोपली भरनी असं तू सोता येऊन सांगशी, तवलोंग मी खेकडा तोंडात घालाव नही." अक्काने टोपली उचलली आणि माघारी फिरली. तिच्या मागे सगळे गेले. मला तर दाजींचा रागच आला. लोकांच्या चुलीशी कसला हा हट्ट!

त्या साली बाजार बुडाला. पुढच्या साली टोपल्या जेमतेम. ताई त्याच मसाल्यात दुधीभोपळा करायची, आणि हे डोळे मिटून खायचे. गल्लीत कुणाकडे रस्सा शिजला की दाजी ओट्यावरून उठून आत जायचे. नियम मात्र त्यांनी ढळू दिला नाही, आणि नवल म्हणजे अक्कानेही नाही. नदीवर आता तीच सगळ्यांच्या टोपल्या तपासायची.

तिसऱ्या साली भादव्यात ती दारात आली. "गुरुजी, टोपली भरनी."

आणि दैव बघा! कवळीसाठी दाजींचे सगळे दात त्याच आठवड्यात काढले होते. त्यांनी बोळकं उघडून अक्काला दाखवलं. अक्का ओट्यावर बसली. ताईने रस्सा केल्यावर तिने वरवंट्याने एकेक नांगी फोडली, बाभळीच्या काट्याने आतला गर काढला आणि वाटी पुढे सरकवली. दाजींनी तिचा हात थांबवला.

"माप लिधं ना?"

"तीनदाव लिधं. खा आते!"

दाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची आठवण फार येते, आणि ती नेमकी बाजारात येते. गेल्या पावसाळ्यात मी खेकडे आणले. बायको ते धुवायला बसली आणि एकदम थांबली. एकीच्या झडपेखाली पिलं होती. धुळ्यात पांझरेला पाणी असून असून किती असणार? तरी मी त्या मादीला पिशवीत घातलं आणि चपला पायात सरकवल्या. मागून बायकोचा आवाज आला.

"थांबा, मीपण येते."