मास्तरीणबाईंची दोरी

"घाई कुणाला आहे?"

हे तिचं ठरलेलं बोलणं. पडदे न्यायला आलेली बाई दारात ताटकळली की ती हेच म्हणायची, कात्री सापडत नसली की हेच म्हणायची, आणि दूध उतू जाताना दिसलं तरी आधी हेच म्हणून मग उठायची. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "मला आहे हो घाई! परवा लग्न आहे माझं." तिनं ओठांतली टाचणी काढली आणि म्हणाली, "परवा आहे ना? मग आज कशाला घालताय कोट?"

गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, त्यामुळे नाव शोभायचं. पण गल्लीच्या मनात दुसरंच असायचं. या बाईनं घरात एकाच मुलीची शाळा काढली होती. तेव्हा त्या नावात मान किती आणि टोमणा किती, याचं माप तिच्या टेपनंही घेता आलं नसतं.

शाळा तिनं हौसेनं काढली नव्हती. थोरली मुलगी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर मान वळवत नव्हती. एका कामातून उठवून दुसऱ्या कामाला न्यायला गेलं, की जमिनीवर पडून डोकं आपटून घ्यायची. जवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या. "आमच्याकडे सोय नाही हो, नाहीतर आम्हाला काय, मुलं हवीच असतात." इतक्या गोड, की आपल्याला दार दाखवलंय हे नवऱ्याला घरी पोचल्यावर कळलं.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा आणि ऊन वर आलं की भुवयांपर्यंत पांढरा होऊन परत यायचा. लेकीवर त्याचा फार जीव, पण त्या जिवाचं करायचं काय हे त्याला उमजत नव्हतं. पाव फुगला नाही तर कारण सापडतं. पीठ, पाणी, आच, काहीतरी चुकलेलं असतं. इथं तो लेकीकडे बघत बसायचा आणि त्याला काहीच सापडायचं नाही.

वाट सापडली ती बायकोला, आणि तीही कातरणांत. थोरलीला मशीनखालच्या गोणीपाशी बसायला आवडायचं. एकेक चिंधी काढून गालाला लावायची, हुंगायची, ओठांत धरायची. आईनं ते बरेच दिवस नुसतं पाहिलं. मग एके दुपारी तिनं खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधली आणि चिमटे लावून तिच्यावर अख्खा दिवस टांगला. टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ. टेबलावरच्या मेणकापडाचा तुकडा म्हणजे जेवण. बाबांच्या जुन्या जीन्सचा खिसा म्हणजे बाबांबरोबर बाहेर. फ्लॅनेल म्हणजे झोप. आणि तिच्या स्वतःच्या गाऊनची बाही म्हणजे आई बाहेर गेली आहे, पण येणार आहे. तो गाऊन विरून कधीच संपला होता, बाही तेवढी उरली होती.

काम झालं की तुकडा उतरवून टोपलीत टाकायचा आणि पुढच्या तुकड्याला हात लावायचा. एवढीच शाळा.

"चिंध्यांनी कुठं माणूस शिकतं का गं?" नवरा म्हणाला.

"घाई कुणाला आहे?" ती म्हणाली.

पहिले काही महिने थोरलीनं ते तुकडे फक्त चघळले. मग हळूहळू आपटणं कमी झालं. मग एके दिवशी ती दोरीपाशी गेली, मेणकापड ओढून काढलं आणि मशीन चालवणाऱ्या आईच्या हातावर ठेवलं. भूक लागली आहे, असं ती जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगत होती. त्या दिवशी शर्टाची एक शिवण नागमोडी गेली. आईनं ती उसवली नाही. गिऱ्हाइकाला खुशाल तसाच शर्ट दिला.

धाकटी चार वर्षांची होती आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची. "ताईला बाहेर जायचंय," ती बापाला सांगायची, "आणि मला पण जायचंय, पण मला खिसा लागत नाही, मला नुसतं बिस्कीट लागतं."

अशी दोन वर्षं गेली. मग कळलं, की खास मुलांसाठी चालणाऱ्या एका शाळेत एक जागा रिकामी झाली आहे. तिथल्या बाई घरी येऊन मुलीला बघणार होत्या. त्यांनी निरोपात सरळ सांगितलं होतं, "तिला पुढं काय होणार ते समजतं का आणि हवं ते मागता येतं का, एवढंच मला बघायचंय."

एवढंच तर होतं! मास्तरीणबाईनं दोरीकडे पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच त्या तुकड्यांची लाज वाटली. मेणकापडावर खिमटाचे डाग, फ्लॅनेलच्या दशा लोंबणाऱ्या, खिसा चघळून चामड्यासारखा झालेला. जिच्या हातच्या काजांची गल्लीभर वाखाणणी, तिनं पाहुण्या बाईंपुढं असली लक्तरं टांगायची? दुपारभर बसून तिनं नवे तुकडे कापले. फ्लॅनेल त्याच ताग्याचं, मेणकापड त्याच गुंडाळीचं. जीन्स दुसरी, पण रंग तोच. गाऊनच्या बाहीला मात्र जोड मिळेना, तेव्हा त्यातल्या त्यात जवळच्या रंगाचं कापड घेतलं. सगळ्यांच्या कडा दुमडून टीप मारली. जुने तुकडे कातरणांच्या गोणीत गेले.

शाळेच्या बाई यायच्या त्या दिवशी नवरा भट्टीवरून परतला आणि दोरी बघून म्हणाला, "झकास! दुकान मांडलंय जसं काही."

"अहो, ती गोणी तेवढी काढा मधून. चिंध्यावाला खाली उभा आहे."

त्यानं गोणी खांद्यावर टाकली, खाली नेली, गाडीवर चढवलीसुद्धा. चिंध्यावाल्याशी दोन शब्द हसून बोलला. मग वर येऊन हात-पाय धुतले आणि स्वच्छ शर्ट घातला.

शाळेच्या बाई वयानं मोठ्या, बोलायला साध्या. खुर्ची नको म्हणाल्या, सतरंजीवरच टेकल्या. "तुमचं रोजचं चालू द्या. मी नाहीच असं समजा."

"चल बाळा," आई म्हणाली, "आता काय आहे, बघ बरं."

थोरली दोरीपाशी गेली. पहिला तुकडा गालाला लावला. हुंगला. ओठांत धरला आणि सोडून दिला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटच्या चिमट्यापर्यंत गेली आणि परत पहिल्याकडे आली, घर चुकलेलं माणूस पुन्हा पुन्हा त्याच दाराची कडी वाजवतं तशी. मग वळून मशीनखाली वाकली. गोणीची जागा रिकामी होती. तिनं फरशी चाचपली आणि मशीनच्या लोखंडी पायावर डोकं आपटायला लागली.

आईनं मध्ये तळहात घातला. डोकं तळहातावर आपटत राहिलं.

"हे ताईचे नाहीतच," धाकटी शाळेच्या बाईंना समजावून सांगत होती. "ताईचे घाण वास येणारे होते. ते बाबांनी गाडीवर टाकले."

बापाच्या तोंडातून एवढंच निघालं, "मीच दिली हो गोणी. माझ्या हातानं."

शाळेच्या बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. जाताना म्हणाल्या, "तुमचं काम मला दिसलं, पण मुलीचं दिसायला हवं ना. दुसऱ्या एका मुलाचे आईवडीलही आशेवर आहेत. जुने तुकडे सापडले तर कळवा. शनिवार संध्याकाळपर्यंत मी थांबते, त्यापुढं माझ्या हातात नाही."

चिंध्यावाल्यानं गोण्या गावाबाहेरच्या गोदामात टाकल्या होत्या. तिथं चिंध्या यंत्रात घालून पिंजतात आणि गाद्यांत भरतात. मास्तरीणबाई तिथं रोज जायला लागली. मुकादम आधी हसला. "मास्तरीणबाई, इथं डोंगर आहेत डोंगर. तुम्ही बोटभर चिंधी शोधताय?" मग हसायचा थांबला आणि एक बाजू न पिंजता राखून ठेवली. त्यापलीकडं त्याला काही करता येत नव्हतं. रोज ती काळ्या हातांनी परत यायची. एकदा फ्लॅनेलचा एक तुकडा मिळाला. थोरलीनं हुंगला आणि खाली टाकला.

घरात आता कशाचाच कशाशी मेळ नव्हता. थोरली जेवायला बसेना, कारण जेवण आलंय हे तिला कुणी सांगतच नव्हतं. बापानं मेणकापडाला खिमट फासून पाहिलं. खिशाला पीठ चोळलं, स्वतःच्या घामाच्या शर्टात गुंडाळून ठेवलं. ती हुंगायची, क्षणभर थांबायची आणि सोडून द्यायची. त्या क्षणभर थांबण्यानं त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं.

शनिवारी तो बेकरीतून लवकर निघून आला. बायको चप्पल घालत होती. चार घास खाल्लेले नव्हते, केस विंचरलेले नव्हते, मशीनवर कुणाचातरी अर्धा कोट तसाच पडला होता.

"अगं, खाऊन जा," तो म्हणाला. मग तिला बरं वाटावं म्हणून, तिच्याच सुरात, "घाई कुणाला आहे?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. जिना उतरून गेली.

ती रस्त्यावर आली तेव्हा खिडकीत तिघं होती. ती जवळजवळ पळत होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं काहीतरी विचारलं, तरी थांबली नाही. धाकटी काचेला नाक लावून म्हणाली, "आई येणारे ना, बाबा?"

"येणार तर."

"मग ताईला सांगा की."

थोरली त्याच्या शेजारीच उभी होती. तिची नजर रस्त्यावर, आईच्या पाठीवर होती. बोटं मात्र दोरीच्या शेवटच्या चिमट्यावर, जिथं बाही असायची तिथं. चिमटा ती उघडत होती, मिटत होती. बाप तिच्याजवळ वाकला. आई येणार आहे, हे तिला कळेल असं सांगायला घरात काही उरलं नव्हतं. तरी तो तोंडानं सांगत राहिला, "येईल हं बाळा, येईल," आणि मास्तरीणबाई वळणापलीकडे दिसेनाशी झाली.