ब्रेक लावल्यावर बस किती जाईल

आमच्या इंदुबाला जीजी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, इथे राजस्थानात, कोटा शहरात प्रवेशपरीक्षेच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतात. स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणतात, रोज कुठल्या ना कुठल्या गाडीला ब्रेक लावायचा असतो, सवड कुठाय?

पण काल देवघरातल्या ठाकुरजींच्या आरतीतही त्यांचा पाय ठरेना. रविवारच्या चाचणीत त्यांनीच घातलेल्या गणिताचं उत्तर चुकलं होतं. बसचा वेग सेकंदाला वीस मीटर. ब्रेक लागला की दर सेकंदाला पाचने कमी होतो. सहा सेकंदांत बस किती जाईल? जीजींनी घाईत सूत्रात आकडे भरले आणि उत्तर दिलं तीस मीटर. खरं तर बस चार सेकंदांतच थांबते, चाळीस मीटरवर. उरलेले दोन सेकंद सूत्र तिला मागे नेतं.

"ब्रेक दाबल्यावर बस कधी उलटी पळालीय का, भाभी?" मी कणकेच्या बाट्या भाजत होते आणि त्या मलाच जाब विचारत होत्या.

इथे चाचणीच्या गुणांवर मुलांच्या तुकड्या बदलतात आणि वर गेलेल्यांचे फोटो फाटकावर लागतात. ते लागून झाले होते. चाळीस लिहिणारी मुलं खाली गेली होती. संस्थेच्या चालकांनी जीजींना बजावलं, की फोटो उतरवले तर आईबाप भांडायला येतील; बोललात तर वरची तुकडी तुमच्याकडे राहणार नाही. त्या तुकडीसाठी बाईंनी तारुण्य घातलं आहे.

आज सकाळी म्हटलं, जीजी, घटकाभर ठाकुरजींपुढे बसा. "त्यांना काय विचारायचंय? उत्तर तर मला ठाऊक आहे," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्यासुद्धा.

वर्गात त्यांनी बस फळ्यावर पुन्हा थांबवली आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. एका मुलीने रडवेल्या आवाजात विचारलं, "मॅम, मग माझा फोटो?"

"उतरेल, बेटा. त्याआधी मी उतरेन."

तसंच झालं. दुपारी घरी आल्या तेव्हा वरची तुकडी काढून त्यांना खालची दिलेली होती. मी ताट वाढलं, तर अंगणातच फेऱ्या घालत राहिल्या.

"चाळीसवाली पोरं आता वर गेली, भाभी. घाई करणारी सगळी माझ्याकडे आली," त्या म्हणाल्या. "जोडी जमली म्हणायची. मीही तीसवालीच."