पाठ लागली की सोडायचं

त्या वर्षी आमची कंपनी काश्मीरमध्ये होती. मी सुभेदार. गाव सोनगीर, त्यामुळे खान्देशातली पोरं आपसूक माझ्या वाट्याला यायची. त्यातल्या दोघांचं आज सांगतो. परवा जळगावच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. तिथं एका मुलीनं विचारलं, "सर, कुस्ती-बॉक्सिंगवाले इतर खेळाडूंपेक्षा जास्त आक्रमक असतात का?" मंचावर मी विषय बदलला.

लान्स नायक सुपडू जामनेरकडचा पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. लंगरमधला आचारी न विचारताच त्याच्या ताटात दोघांचं वाढायचा. शिपाई योगेश शिरपूरचा, बटालियनच्या व्हॉलीबॉल टीममधला. सडपातळ, हसरा, फोटोत उठून दिसणारा. नव्या मेजरसाहेबांनी दोघांना एकदाच पाहिलं आणि मला हुकूम दिला, "पहलवान को पब्लिक से दूर रखना."

साहेबांचा अंदाज साफ चुकला होता. पॉइंट गेला की योगेश पंचाच्या अंगावर धावून जायचा. नाक्यावर कोणी उलट बोललं की त्याचा हात उठायचा, आणि तो हात धरायला सुपडू लागायचा.

"पाठ लागली म्हंजे संपलं," सुपडू त्याला समजवायचा. "पडलेल्याले काहाले मारायचं?"

"तुनी कुस्ती तुनाजोडे ठेव," योगेश फणकारायचा.

मला वाटतं, ज्याला रोज दुसऱ्याच्या अंगाशी भिडावं लागतं, त्याला माणूस किती लवकर मोडतो हे ठाऊक असतं. जाळीच्या पलीकडून खेळणाऱ्याला ते कळायला वेळ लागतो. हा आपला माझा अंदाज. अभ्यास करणाऱ्यांनी तपासून पाहावा.

सफरचंदं उतरवण्याचे दिवस होते. अतिरेकी लपल्याची खबर आली आणि सकाळी आम्ही एका वस्तीला घेरा घातला. मनुष्यबळ कमी, म्हणून साहेबांचा हुकूम असूनही सुपडू पुढे. बागेच्या कडेच्या गोठ्यातून अचानक एक माणूस धावत सुटला. सुपडूनं त्याला गाठलं, कमरेत हात घातला आणि उताणा पाडला. पाठ जमिनीला टेकली, आणि सुपडूची पकड ढिली झाली. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. तेवढ्यात त्या माणसाचा हात फेरनमध्ये, त्या ढगळ काश्मिरी अंगरख्यात गेला. पिस्तुलाच्या गोळ्या सुपडूच्या पोटात लागल्या.

सुपडू मागं सरला नाही. छातीनं पुन्हा त्याच्यावर पडला आणि पिस्तुलाचं मनगट जमिनीला दाबून धरलं. योगेशनं धावत येऊन पिस्तूल लाथेनं उडवलं. मी सुपडूला बाजूला ओढलं. त्याच्या पोटावर पट्टी दाबली.

वर पाहतो तर योगेशची रायफल त्या माणसाच्या छातीवर टेकलेली. तो उताणा, हात रिकामे, पसरलेले. योगेशचं बोट ट्रिगरवर.

"योगेश! फायर नहीं!"

त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्या घटकेला माझ्याही मनात आलं, मारू दे. खरं तेच सांगतो.

मग योगेशनं नळी बाजूला केली. "पाठ लागनी त्यानी, साहेब," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

मी रेडिओ घेतला. "एक जिंदा पकड़ा। अपना एक घायल, सीरियस। गाड़ी भेजो। ओवर."

गाडी रस्त्याला लागायच्या आत सुपडू गेला.

पेटी घेऊन मी आणि योगेश त्याच्या गावी गेलो. सुपडूचे वडील, आबा, गावच्या तालमीचे वस्ताद. सलामी झाली, माणसं चिता रचायला लागली, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं. कसं झालं, विचारलं. मी काही लपवलं नाही. पकड ढिली झाल्याचंही सांगितलं.

"पाठ लागली की सोडायचं, हे मीच शिकवलं त्याले," आबा म्हणाले.

योगेश पुढे झाला. मी त्याला कधी कोणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं. तो आबांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "आबा, त्यानामुळेच मन्हा हातून पाप व्हयनं नही."

आबांनी त्याला उठवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अन् आमच्या सुपडूची? त्याची पाठ लागली व्हती का?"

"नाही, आबा. शेवटपर्यंत तोच वर होता."

आबा उठले. चितेवर ठेवण्याआधी पोराच्या खांद्याखाली हात घालून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप दिली.