ताईंचं रजिस्टर आणि दुसरी रेघ

आमच्या प्रयोगशाळेत ताईंनी ज्याचं डोकं उठवलं नाही असा एक माणूस दाखवा. ताई तंत्रज्ञ, सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी. सर बदलले, यंत्रं बदलली, ताईंचं तुणतुणं तेच: "नवी कुपी आली की आधी जुन्या कुपीशेजारी चालवून बघा."

कुपीत काय, तर सशाच्या रक्तातली प्रतिपिंडं. माणसाच्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचतात, मग त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला चिकटणारी ही प्रतिपिंडं तयार होतात. ती आमच्या नमुन्यांवर सोडली की जिथे प्रथिन असेल तिथे काळी रेघ उमटते. एका सशाचा साठा संपला की कंपनी दुसऱ्या सशाचा पाठवते.

"लेबल तेच असतं गं, ससा तो नसतो," ताई म्हणायच्या. जो ऐकणार नाही त्याला त्या एका रजिस्टरात सही करायला लावत. बाईचं समाधान होतंय ना, म्हणून आम्ही करायचो आणि विसरायचो.

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण एका दुसऱ्या रेघेवर उभं होतं. पहिली रेघ माझ्या प्रथिनाची, दुसरी म्हणजे त्याचंच एक आखूड रूप, आजवर कुणालाच न दिसलेलं. सर खूश होते. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता आणि सोमवारी ताई आडव्या आल्या.

"ही दुसरी रेघ मला पटत नाही."

"ताई, चौदा महिने दिसतेय ती."

"खोटं चौदा महिने दिसलं म्हणून खरं होतं का?"

घरी आईचं रोजचं पालुपद होतं, अजून किती शिकायचं राहिलंय. त्यात हे. जुन्या सशाची तळाला गेलेली कुपी ताईंनी फ्रीजरमध्ये जिवापाड जपली होती, सरांनी मागूनही दिली नव्हती. ती त्यांनी माझ्यासाठी बाहेर काढली. मला उपकार वाटायला हवे होते. मला त्या बाईचा मनस्वी राग आला.

ज्यांत माझं प्रथिन मुळीच नाही अशा पेशीही त्यांनी शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणल्या. दोन दिवस सगळं मुंगीच्या पावलांनी चाललं. मी घाई केली की त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत बसत, म्हणून मी गप्प बसायला शिकले.

बुधवारी दुपारी निकाल आला. जुन्या सशाने एकच रेघ दाखवली, आणि बिनप्रथिनाच्या पेशींत काहीच नाही. नव्या सशाने दोन दाखवल्या, आणि दुसरी त्या बिनप्रथिनाच्या पेशींतही, चांगली ठसठशीत. नवा ससा भलत्याच कशाला तरी चिकटत होता. माझं प्रकरण गेलं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले.

सर ताईंवर घसरले. "इतके महिने झोपला होतात का? तेव्हाच का नाही सांगितलंत?"

ताईंनी कपाटातून रजिस्टर काढलं, चौदा महिन्यांपूर्वीचं पान उघडून सरांपुढे ठेवलं. 'नवी कुपी जुन्या कुपीशेजारी चालवली नाही.' खाली माझी ऐटदार सही, आणि कारणाच्या रकान्यात माझंच अक्षर: 'वेळ नाही.'

ते प्रकरण पुन्हा उभं करायला मला दीड वर्ष लागलं.